आधी गाव सांगा : जर्मन पूर्वजांविषयी वाचकांचे प्रश्न

कुलवृत्तांत कसा लिहावा, या विषयावर मागे या सदरात प्रश्नोत्तरे झाली. त्यानंतर बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत एक गठ्ठा वेगळाच निघाला. कुणाचे जावई जर्मन वंशाचे अमेरिकन, कुणाची सून म्युनिकची, कुणाच्या आजेसासूबाईच जर्मन. त्यांतली पाच पत्रे इथे थोडक्यात देत आहोत.

प्रश्न : आमचे जावई अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ एकत्र मांडायची आहे. आमची बाजू छापील कुलवृत्तांतात तयार आहे. जावयांकडे एवढेच माहीत आहे, की खापरपणजोबा 1881 च्या सुमारास 'प्रशियातून' आले. इंटरनेटवर त्याच नावाची चार माणसे सापडतात. आपले कोणते? (दांडिया बाजार)

उत्तर : चौघांपैकी एकही नसेल, अशीच शक्यता धरून चला. नाव आणि अंदाजे वर्ष जुळले म्हणून कुणीतरी जोडलेली माणसे अशा तयार वंशवृक्षांत फार असतात, आणि एकाची चूक शंभरजण उतरवून घेतात. ज्या वंशवृक्षात मूळ नोंदीचे छायाचित्र जोडलेले नाही, तो आम्ही तरी बाजूला ठेवतो.

तुमची खरी अडचण 'प्रशिया' ही आहे. ऱ्हाईन नदीच्या पलीकडपासून आजच्या लिथुआनियापर्यंत प्रशिया हे जर्मन साम्राज्यातले सर्वांत मोठे राज्य पसरले होते. शिवाय जर्मनीत जन्म, विवाह, मृत्यूची नोंद गावपातळीवर होते. सगळ्या देशाची एक यादी कधीच नव्हती. सरकारी नोंदणी प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि बाकीच्या साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली. 1881 मध्ये तरुणपणी आलेला माणूस 1850 च्या आसपास जन्मलेला, म्हणजे त्याचा जन्म बहुधा त्याच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीतच सापडणार. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते नेमकी वही काढतात. तिथेही गाव लागतेच, आणि वही त्या गावच्या चर्चची असते.

गावाचे नाव बहुधा जर्मनीत नाही, अमेरिकेत सापडते, आणि तेही नातेवाइकांच्या कपाटात. म्हणून पहिले काम विहीणबाईंना फोन. बडोद्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये सकाळचे नऊ होतात. हिवाळ्यात साडेआठ धरा. वयस्कर माणसे सकाळी ताजी असतात. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारा. पाऊण तासाच्या वर बोलणे लांबवू नका.

'तुमचे लोक कुठून आले?' असे विचारले की 'जर्मनीतून' हेच उत्तर येते. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. घरात जर्मन बायबल आहे का, आणि त्याच्या पुढच्या कोऱ्या पानांवर कुणी जन्मतारखा लिहिल्या आहेत का? कुणाचे कन्फर्मेशनचे, म्हणजे मोठे झाल्यावर धर्मश्रद्धा पक्की करण्याच्या चर्चमधल्या विधीचे, प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? (लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाच्या, घरांत ते फ्रेम करून ठेवत, आणि त्यावर चर्चचे नाव असते.) कॅथलिक असतील तर मृतात्म्याच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डे प्रार्थनेच्या पुस्तकात खोचलेली असतात. जुन्या पुठ्ठ्यावरच्या फोटोची मागची बाजू जरूर मागा. स्टुडिओचे नाव आणि शहर तिथे छापलेले असते. कोणत्या दफनभूमीत कोण आहे, हेही विचारा. जुन्या जर्मन दगडांवर जन्मगाव कोरलेले असे.

आणखी एक. कागद थोरल्या मुलाकडे असतील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात म्हाताऱ्या आईवडिलांना ज्या मुलीने सांभाळले तिच्या घरी ते बहुतेक वेळा जातात. तेव्हा जावयांच्या आत्या, आत्येभावंडे, अविवाहित राहिलेल्या चुलत आज्या यांची नावे विहीणबाईंकडून काढून घ्या.

घरात काही निघाले नाही, तर अमेरिकेतल्या नोंदींकडे वळा. 1900 च्या जनगणनेत प्रत्येक माणसाचा जन्ममहिना व वर्ष, देशात आल्याचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती आहे. 'एन. ए.' म्हणजे नागरिक झालेला, 'पी. ए.' म्हणजे पहिला अर्ज केलेला, 'ए. एल.' म्हणजे परका. 1890 ची जनगणना जवळपास सगळी नष्ट झाली आहे, ती शोधण्यात वेळ घालवू नका. नागरिकत्वाच्या कागदांत 27 सप्टेंबर 1906 नंतर जन्मगाव लिहिणे सुरू झाले. त्याआधी बहुधा 'जर्मनीचा सम्राट' किंवा 'प्रशियाचा राजा' याच्यावरची निष्ठा सोडली, एवढाच उल्लेख मिळतो. इथे एक युक्ती कामी येते. खापरपणजोबा लवकर आले, पण त्यांचा धाकटा भाऊ किंवा पुतण्या उशिरा आला असेल, तर त्याच्या कागदावर तेच गाव असेल. सरळ रेषेतल्या पूर्वजापेक्षा त्याच्या भावंडांच्या मृत्युनोंदी आणि मृत्युलेख जास्त बोलके निघतात. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वृत्तपत्रे भरपूर निघत, आणि तिथल्या जर्मन पाद्रींनी विवाह व दफनाच्या वहीत वधूवरांचे, मृताचे मूळ गाव लिहिण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पाळली. जावयांच्या घरचे जुने चर्च कोणते, हे कळले तर हीच वही सर्वांत आधी पाहा.

जहाजांच्या याद्यांकडून फार आशा धरू नका, पण पाहा जरूर. हॅम्बुर्ग बंदराच्या 1850 ते 1934 या काळातल्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत निघण्यापूर्वीचे राहते गाव दिलेले असते. थेट जहाजांची यादी वेगळी, आणि इंग्लंडमार्गे म्हणजे हल-लिव्हरपूल करून जाणाऱ्यांची वेगळी. एकीत नाव नसेल तर दुसरी उघडा. ब्रेमेनच्या 1920 पूर्वीच्या याद्या जवळजवळ नाहीतच: जागा नाही म्हणून जुन्या याद्या कार्यालयानेच नष्ट केल्या, उरलेल्या युद्धात गेल्या. ब्रेमेनहून बाल्टिमोरला उतरून पुढे रेल्वेने आत जाणारे जर्मन खूप होते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या यादीत माणूस नाही, म्हणजे वर्ष चुकले, असे समजू नका.

गाव मिळाले की ते 1912-13 च्या 'मायर्स' स्थळकोशात ताडून पाहा. तो नकाशासह इंटरनेटवर फुकट आहे. नॉयकिर्शेन, नॉयश्टाट अशा नावांची गावे डझनांनी आहेत, तेव्हा जिल्हा लिहिल्याशिवाय गाव नक्की झाले असे म्हणू नका. गावात स्वतःचे चर्च होते की शेजारच्या गावात जावे लागे, हेही तिथे कळते. मग इंटरनेटवर चर्चच्या वह्या: प्रोटेस्टंट असतील तर 'आर्किऑन' (वर्गणी पडते), कॅथलिक असतील तर 'मॅट्रिक्युला' (फुकट), आणि दोन्हींसाठी 'फॅमिलीसर्च' (खाते फुकट, काही चित्रे मात्र त्यांच्या केंद्रात जाऊनच दिसतात). विस्कॉन्सिनमध्ये पोमेरानियातली कुटुंबे मोठ्या संख्येने आली. तुमचे तिथलेच निघाले तर त्या प्रांताचा मोठा भाग आज पोलंडमध्ये आहे आणि गावाचे नाव पोलिश झालेले असेल, जसे श्टेटिनचे श्चेचिन. अशा वेळी पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांचे शोधस्थळ पाहावे. तिथल्या काही वह्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या, त्या कुणालाच मिळणार नाहीत.

प्रश्न : व्याह्यांचे आडनाव 'मिलर'. ते म्हणतात, मूळ 'म्युलर' होते, एलिस आयलंडवरच्या साहेबाने बदलले. खरे का? (निझामपुरा)

उत्तर : म्युलरचे मिलर झाले हे खरे असू शकते, साहेबाने केले हे नाही. एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातले स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र सुरूच मुळी 1 जानेवारी 1892 ला झाले; त्याआधी आलेले लोक तिथे उतरलेच नव्हते. नंतरही तिथले अधिकारी जहाजावरून आलेली यादी समोर ठेवून माणसे तपासत, आणि ती यादी युरोपातल्या बंदरात तयार झालेली असे. आडनावे पुढे हळूहळू बदलली: शाळेत, दुकानाच्या पाटीवर, कारखान्याच्या हजेरीपटावर. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर अनेकांनी घाईने बदलली. म्हणून शोध घेताना श्मिट-स्मिथ, श्वार्झ-ब्लॅक, त्सिमरमन-कार्पेंटर अशा जोड्या दोन्ही बाजूंनी तपासा. पश्चिम जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतात आणखी गुंता आहे. शेताला, म्हणजे वाडीला नाव असे, आणि त्या वाडीवर लग्न होऊन आलेला घरजावई तिचेच नाव लावी. तिथे एका माणसाची दोन आडनावे 'उर्फ'ने जोडलेली दिसली तर ती चूक नव्हे.

प्रश्न : सुनेने माहेराहून तिच्या पणजोबांची पत्रे आणली. मी जर्मन शिकले आहे, छापील मजकूर बऱ्यापैकी वाचते, पण या पत्रांतले एक अक्षर लागत नाही. भाषा वेगळी आहे का? (राजमहाल रोड)

उत्तर : भाषा तीच, लिपीचे वळण वेगळे. त्याला 'कुरेंट' म्हणतात. आपल्याकडे बालबोध चांगली येणारा माणूस मोडीपुढे अडतो, तसेच हे. त्याचे सोपे केलेले शालेय रूप म्हणजे 'झ्युटरलिन'. ते 1915 पासून प्रशियाच्या शाळांत शिकवू लागले आणि 1941 मध्ये ही सगळी वळणे शाळांतून काढून टाकली गेली. त्यामुळे 1930 च्या दशकापर्यंत शाळेत गेलेल्या माणसाचे पत्र याच लिपीत असणे साहजिक.

आधी पत्रांचे चित्र नीट घ्या. स्कॅनर असेल तर 600 डीपीआय, रंगीत, पुढची-मागची दोन्ही बाजू, आणि पाकीटही. टपालाच्या शिक्क्यावरचे गाव कधीकधी मजकुरात नसते. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळते. पत्र प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. चिकटद्रव्य काही वर्षांत पिवळे पडून शाई खाते. फिकट पेन्सिल असेल तर दिवा एका बाजूने तिरपा धरून फोटो काढा.

वाचताना पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. तारीख आणि गाव वर कोपऱ्यात असते, शेवटी ठरावीक निरोप व सही असते. हे तिन्ही अंदाजाने ओळखता येतात. तिथून त्या माणसाची अक्षरे शिकून घ्या आणि कागदावर त्याचा स्वतःचा तक्ता बनवा, कारण प्रत्येकाचे वळण निराळे. सर्वांत जास्त फसवणारे अक्षर 'ई': ते दोन उभ्या दांड्यांचे, हुबेहूब 'एन'सारखे दिसते. 'यू'वर म्हणूनच एक छोटी वाटी काढतात, ती दिसली की ते 'एन' नाही. 'एच'ला वर आणि खाली दोन्हीकडे फास असतो. 'एस' शब्दाच्या मध्ये उंच दांडीसारखा आणि शेवटी गोल, असा दोन प्रकारे येतो. मोठ्या अक्षरांत 'के' व 'आर', 'बी' व 'एल' यांची गफलत होते. इंटरनेटवरच्या अनुक्रमणिका करणारेही तिथेच चुकतात, म्हणून आडनाव सापडत नसेल तर पहिले अक्षर बदलून शोधा.

तारखांत दोन खड्डे आहेत. जुन्या कागदांवर '7बर' लिहिलेले असते. तो जुलै नव्हे, सप्टेंबर. त्याचप्रमाणे '8बर' ऑक्टोबर, '9बर' नोव्हेंबर, '10बर' डिसेंबर. दुसरे, जर्मन माणूस आपल्यासारखाच दिवस आधी लिहितो, पण त्याचा अमेरिकन नातू महिना आधी. 4.7.1881 ही तारीख विहीणबाईंनी ईमेलमध्ये पाठवली तर मूळ कागद मागवूनच वंशावळीत भरा.

'ट्रान्सक्रिबस' नावाची संगणक-प्रणाली कुरेंट वाचून देते. कच्चा मसुदा म्हणून ठीक. व्यक्तिनामे आणि गावे ती सर्रास चुकवते, आणि आपल्याला हवी असतात नेमकी तीच. तुम्हाला जर्मन येते, तेव्हा तिचा मसुदा समोर ठेवून स्वतः वाचणे हाच चांगला मार्ग.

नावांबद्दल एक सूचना. पत्रात 'विल्हेल्म' म्हणून सही करणारा माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत 'योहान फ्रीडरिश विल्हेल्म' असेल, आणि त्याचे तिन्ही भाऊही 'योहान'ने सुरू होतील. हाक मारायचे नाव बहुधा नंतरचे असते. सरकारी नोंदीत कधी त्याखाली रेघ मारलेली दिसते. चर्चच्या वहीतल्या एका आडव्या ओळीत अनुक्रमांक, बाळाचे नाव, जन्माचा दिवस, बाप्तिस्म्याचा दिवस, बापाचे नाव व धंदा, आईचे माहेरचे आडनाव आणि शेवटच्या रकान्यात धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे, असतात. हा शेवटचा रकाना लोक वाचत नाहीत. तिथे बाळाचे मामा, आत्या, आजोबा आपल्या गावाच्या नावासह बसलेले असतात, आणि आईचे माहेर शोधायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. 18 व्या शतकातल्या वह्यांत बाईच्या आडनावाला '-इन' हा प्रत्यय लागतो. 'म्युलरिन' दिसले तर आडनाव म्युलरच.

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई जर्मन. जन्म 1909, बर्लिन. बडोद्याहून शिकायला गेलेल्या आजेसासऱ्यांशी 1933 मध्ये तिथेच लग्न केले, 1934 मध्ये इथे आल्या. दोन मुले, 1936 व 1941 ची. त्यांच्या माहेरचा काहीच पत्ता नाही. नातवंडांना जर्मन पासपोर्ट मिळेल, असे एकजण सांगतात. (अलकापुरी)

उत्तर : आधी माहेर. जन्मनोंद जर्मनीत 110 वर्षे, विवाहनोंद 80 वर्षे आणि मृत्युनोंद 30 वर्षे नोंदणी कार्यालयात राहते. त्या काळात ती बहुधा थेट वंशजांनाच मिळते. मुदत संपली की ती अभिलेखागारात जाते आणि कुणालाही पाहता येते. तुमच्या दोन्ही नोंदींची मुदत संपली आहे, म्हणजे नाते सिद्ध करण्याची कागदपत्रे गोळा करत बसायची गरज नाही. बर्लिनच्या जुन्या नोंदी शहराच्या लांडेसआर्शीव्ह या अभिलेखागारात आहेत.

पण 'बर्लिन' म्हणजे नेमके कुठे? शार्लोटेनबुर्ग, श्योनेबेर्ग, नॉयक्योल्न ही 1920 पर्यंत स्वतंत्र शहरे होती. 1909 चा जन्म तिथला असेल तर तो बर्लिनच्या नोंदणीत दिसणार नाही. खुद्द बर्लिनमध्येही भागवार अनेक नोंदणी कार्यालये होती. उपाय असा: आजेसासूबाईंच्या वडिलांचे नाव (विवाहनोंदीत असते, किंवा घरातल्या एखाद्या पत्रावर) घेऊन बर्लिनच्या छापील पत्तापुस्तकात शोधा. ती पुस्तके 1943 पर्यंतची इंटरनेटवर फुकट आहेत. कुटुंबप्रमुखाचे नाव, धंदा, रस्ता व घरक्रमांक मिळतो. रस्ता कळला की कार्यालय कळते.

पत्र लिहाल तेव्हा नुसता जन्मदाखला मागू नका. तो छोटा असतो, समास गाळून देतात. 'जन्मनोंदवहीतल्या मूळ पानाची प्रत' मागा. समासात नंतरच्या घटना टिपलेल्या असतात: लग्न कुठे झाले, क्वचित मृत्यू कुठे झाला. भावंडांच्या नोंदीही मागवा. त्यांच्या समासात 1938-39 च्या सुमारास 'सारा' किंवा 'इस्रायल' हे नाव सक्तीने जोडलेले दिसले, तर कुटुंब नाझी कायद्यानुसार ज्यू ठरवले गेले होते. मग पुढचा शोध बाड आरोल्झेनच्या अभिलेखागारात. तिथे नाझी छळाच्या बळींची कागदपत्रे आहेत, चौकशीला पैसे पडत नाहीत. ही शक्यता घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा. अशी बातमी अचानक कळू नये. याउलट कुटुंब ज्यू नसेल तर 'आनेनपास' नावाची पुस्तिका एखाद्या चुलत घरी निघू शकते. त्या राजवटीत वंश सिद्ध करायला ती भरावी लागे. तिचा हेतू वाईट होता, पण तिच्यात आजोबा-पणजोबांपर्यंतचे शिक्का मारलेले उतारे असतात.

शुल्क तासाच्या हिशेबाने लावतात, आणि माणूस सापडला नाही तरी शोधाचे पैसे द्यावे लागतात. भारतातून छोटी रक्कम पाठवताना बँकेचा खर्च शुल्काहून जास्त होतो. युरोपात खाते असलेला एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याच्याकडून भरून घ्या. पत्र जर्मनमध्ये, दहा ओळींत, नाव-तारीख-जागा क्रमाने, एका पत्रात एकच माणूस. घराण्याची हकीकत लिहू नका.

आता इकडची बाजू. बडोद्याला जर्मन माणूस अपूर्व नव्हता. बंगळूरच्या लालबागेत जाण्यापूर्वी क्रुम्बिगेल यांनी बडोदे संस्थानच्या बागा सांभाळल्या, आणि हर्मान गोएट्झ बडोदा संग्रहालयाचे प्रमुख होते. दरबारी नोकरी असलेल्यांची नावे संस्थानच्या वार्षिक प्रशासन अहवालांत मिळतात. विद्यार्थी म्हणून गेलेले आजेसासरे शिष्यवृत्तीवर गेले असतील तर त्याचेही हुकूम निघालेले असणार. गुजरात राज्य अभिलेखागाराच्या वडोदऱ्यातल्या कार्यालयात अर्ज करा, आणि वर्ष नेमके द्या. 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना अहमदनगर, देवळाली, डेहराडून, पुरंदर अशा ठिकाणी स्थानबद्ध केले. आजेसासूबाईंचे तसे झाले नसावे, कारण परकीयाशी लग्न होताच त्यांचे जर्मन नागरिकत्व गेले होते. तरी चौकशीची फाइल असू शकते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर त्यांचे सासरचे व माहेरचे अशी दोन्ही आडनावे रोमन लिपीत, तीन-चार प्रकारे लिहून शोधा.

आणि याच कारणाने पासपोर्टचे उत्तर तुमच्या बाबतीत बहुधा नाही असे आहे. लग्नामुळे नागरिकत्व गमावलेल्या जर्मन स्त्रियांच्या मुलांना व त्यांच्या वंशजांना 19 ऑगस्ट 2031 पर्यंत नुसत्या घोषणेने नागरिकत्व मिळवण्याची सोय आहे, पण मूल 23 मे 1949 नंतर जन्मलेले हवे. तुमची दोन्ही त्याआधीची. ज्या वाचकांना ही सोय लागू होते त्यांनीही लक्षात ठेवावे, की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप जाते.

प्रश्न : डीएनए चाचणीने जर्मन गाव कळेल का? (गोत्री)

उत्तर : गाव नाही. रक्ताचे नातेवाईक कळतील, आणि त्यांतले कुणी गाव सांगू शकेल. जुळणी सेंटीमॉर्गनमध्ये (दोघांत सामाईक असलेल्या डीएनएचे माप) मोजतात: सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेआठशेच्या आसपास, दुसऱ्या पातळीच्या चुलतांत (पणजोबा एकच) सव्वादोनशे, तिसऱ्या पातळीच्या चुलतांत (खापरपणजोबा एकच) सत्तर-पंचाहत्तर. तिसऱ्या पातळीवर सुमारे दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही. तेव्हा जुळले नाही म्हणून नाते नाही, असे ठरवू नका. जर्मनीतल्या लोकांनी चाचण्या कमी केल्या आहेत, त्यामुळे जुळणारे बहुतेक अमेरिकेतलेच निघतात. नातवाची चाचणी करण्यात अर्थ नाही. जर्मन बाजूची जी सर्वांत वयस्कर व्यक्ती हयात आहे तिची, तिच्या लेखी संमतीने करा. खात्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाकडे असू द्या.